लाखाच्या आत

एक किलो चांदी.
बाजारात: सत्त्याण्णव हजार.
घरी: सत्त्याण्णव हजार.

महेशने आणखी एक नाणं कसोटीवर घासलं, वर ॲसिडचा थेंब सोडला आणि मान वर न करता म्हणाला, "काकू, ही चांदी नाही."

मोहिनीने अख्खा डबा त्याच्यापुढे सरकवला. सगळीच बघ म्हणाली. सगळीच जर्मन सिल्व्हरची निघाली. महेश असा ओशाळला, जशी काही ती नाणी त्यानेच दिली होती.

मोहिनीचा नवरा संतोष इगतपुरीला रेल्वेत होता तेव्हापासून दर धनत्रयोदशीला एक नाणं घ्यायचा. घर घेताना मोहिनीच्या पाटल्या गेल्या होत्या. चांदी लाखाला टेकली की डबा मोडायचा आणि पाटल्या करायच्या, हे त्याने तेव्हाच जाहीर केलं होतं. आता लाख जवळ आला, म्हणून ती त्याला न सांगता डबा पिशवीत घालून पंचवटीतून सराफ बाजारात आली होती. किती येतील याचा अंदाज घ्यावा, एवढंच.

"यांना कुणीतरी फसवलं रे," ती म्हणाली. "कळलं तर हाय खातील."

संतोषचा टीव्हीवरच्या भावावर विश्वास नव्हता, मोबाइलवरच्या तर नाहीच. रोज सकाळी तो महेशला फोन लावायचा. महेश सांगेल तो भाव.

मोहिनीने तेच धरलं. "उद्या लाख झाले तरी त्यांना सांगू नकोस. लाखाच्या आतच ठेव."

"बरं काकू," महेश म्हणाला. का, कधीपर्यंत, काही विचारलं नाही.

बाजारात: एक लाख दहा हजार.
घरी: अठ्ठ्याण्णव हजार.

फोन संतोष नेहमी स्पीकरवर ठेवायचा. हिलाही ऐकू दे, म्हणायचा. भाव ऐकला की "अडलीय अजून" म्हणून चहा घ्यायचा.

बाकीचं मोहिनी सांभाळत होती. पेपरातलं बाजाराचं पान सकाळीच मेथी निवडायला जायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या की तिला मालिका आठवायची. एकदा तिचे हात कणकेत होते, तर त्यानेच उठून बातम्या बंद केल्या. डोकं दुखतं म्हणाला. तिने कणकेचे हात धुऊन त्याला बाम चोळला आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

खोटं बोलायचं तिच्या जिवावर यायचं. तिच्या हृदयाच्या ऑपरेशनपासून घरात तळण बंद होतं, पण हल्ली त्याच्यापुरती भजी होऊ लागली. त्या ऑपरेशनच्या वेळी तिने त्याला बजावलं होतं, नाण्यांना हात लावलात तर मी टेबलावर झोपणार नाही. पण सगळा खर्च रेल्वेने उचलला, असं संतोष म्हणाला. तेव्हापासून रेल्वेची गाडी दिसली की ती हात जोडायची, मालगाडी असली तरी. संतोष तिला हसायचा.

बाजारात: दोन लाखांच्या वर.
घरी: नव्व्याण्णव हजार.

खालच्या मजल्यावरची तेजल आली. भाचीच्या बारशाला चांदीचं नाणं द्यायचं होतं, कुठून घ्यावं ते विचारायला.

"पण काका, चांदी दोन लाखांवर गेलीय. तुम्हाला तर माहीतच असेल."

मोहिनीचा झारा कढईतच थांबला.

"कुठे बघितलंस?" संतोषने विचारलं.

"मोबाइलवर."

"मग बरोबर," तो हसला. "मोबाइलवर तू मुकेशबिकेशची गाणी ऐक. भाव आमचा महेश सांगतो. नव्व्याण्णव हजार. सकाळीच विचारलाय, हिच्यासमोर."

तेजल काही बोलणार, तोच मोहिनीने भज्यांची बशी तिच्या हातात दिली. खा म्हणाली, गार होतील. तेजल गेल्यावर मोहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. इतका भोळा माणूस. फसवणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा.

संतोषने चपला घातल्या. पाय मोकळे करून येतो म्हणाला.

बाजारात: तोच.
घरी: तोच.

महेशच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तरी संतोष काउंटरवर वाकून हळू बोलला. आज तेजलने हिच्यासमोर खरा भाव सांगितला, कसंबसं निभावलं. महेशने मात्र ठरल्याप्रमाणे लाखाच्या आतच राहायचं.

महेशने कसोटीचा दगड पुसून बाजूला ठेवला.

"तू भरून दिलेला तो डबा तिने एकदा कुणाला दाखवला, की संपलं," संतोष म्हणाला. "ऑपरेशन रेल्वेच्या पैशाने झालं असं तिला वाटतंय. वाटू दे."