ठकूचा ओटा

अप्पांनी फळीच्या कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. कुठेतरी बारीकसं कुसळ लागलंच. त्यांनी पॉलिश पेपर उचलला आणि परत घासायला घेतलं. ठकूला आता या घरात काही टोचायला नको होतं, की भाजायला नको होतं.

"अप्पा, अजून किती घासाल? आरसा व्हायचा त्याचा," सून गॅलरीच्या दारातून म्हणाली. तिने चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला, सोबत बिस्किटंही. हल्ली ती चहा असाच जागेवर आणून द्यायची.

अप्पांची उभी हयात बसगाड्यांची इंजिनं खोलण्यात गेली होती. लाकडाशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. खिळा ठोकला की तो वाकडाच जायचा. तरी जुन्या टीव्हीच्या कपाटाचा त्यांनी नातीसाठी ओटा करत आणला होता. वर जुन्या सीडी चिकटवून शेगडी झाली, तिला मोडक्या रेडिओची बटणं. स्टीलचा वाडगा बसवून मोरी, आणि तिच्यावर भंगारातला नळ. फिरायचा मस्त, पाणी तेवढं यायचं नाही.

"ठकूला आवडेल ना गं?"

"आवडेल हो. पण स्वयंपाकघरच कशाला अप्पा? बाहुलीचं घर करा, नाहीतर मोटार करा. तुमच्या हातचीच विद्या ती. उगाच तिला ते सगळं आठवायचं."

"म्हणून तर करतोय. भीती मोडायला नको तिची? माझ्यामुळे बसलीय ती."

"जाऊ दे ना अप्पा. झालं ते झालं," म्हणत सून घाईने आत गेली.

गुणाची पोर, अप्पांना वाटलं. दुसरी कुणी असती तर उठताबसता टोचून खाल्लं असतं.

त्या दुपारी अप्पांनी चहा केला, प्यायला आणि गॅलरीतल्या खुर्चीत टेकले. डोळा लागला. जाग आली ती ठकूच्या किंकाळीने. धडपडत आत गेले तर दांड्याचं पातेलं जमिनीवर पालथं पडलेलं, पाण्याच्या वाफा निघतायत, आणि सून ठकूचा हात नळाखाली धरून उभी.

"अप्पा, पाणी उकळत ठेवून झोपलात? तेही दांडा बाहेर काढून? ओढलं ना हिने अंगावर!"

गॅस बंद केल्यासारखा त्यांना अंधुक आठवत होता. पण आदल्याच आठवड्यात ज्याचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, त्याने कुठल्या तोंडाने शपथ घ्यायची? ते नुसते "माझं चुकलं, माझं चुकलं" म्हणत राहिले.

मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कामापुरतं बोलायला लागला. अप्पांनी गॅसला हात लावायचा नाही, ठकूला त्यांच्या भरवशावर सोडायचं नाही, असं ठरलं. मग एकदा जेवताना त्याने ताटातच बघत सांगितलं, "अप्पा, ताईशी बोललोय. तिच्याकडे खोली रिकामी आहे. तिकडेच राहा आता."

सून मान खाली घालून भातात बोटं फिरवत बसली. परत कधी यायचं, हे अप्पांनी विचारलं नाही. लेकराच्या हातावर जन्माचा डाग उठवला, त्यापुढे ही शिक्षा त्यांना कमीच वाटली. जाण्याआधी ओटा तेवढा पुरा व्हावा, इतकंच त्यांच्या मनात होतं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांची बॅग दाराशी तयार होती. मुलगा गाडीची किल्ली घेऊन उभा होता. अप्पांनी बैठकीच्या खोलीत ओट्यावरची चादर ओढली.

ठकू आधी बाबाच्या पायामागे लपली. त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. मग एक पाऊल पुढे आली. नळ फिरवला. एक बटण फिरवलं. कट्ट असा आवाज झाला, तशी खुदकन हसली.

मुलगा वाकून बघत राहिला. "अप्पा, खाली इंजिन तर नाही ना बसवलंत?"

कितीतरी दिवसांनी त्याने थट्टा केली होती.

"आजोबा, तू तिकडे खुर्चीत झोप," ठकूने हुकूम सोडला. "डोळे मीट. आणि मी आई."

"ठकू, आधी दूध पिऊन घे बघू. चल," सून पुढे झाली.

"खेळू दे गं. पहिल्यांदाच जवळ जातेय," मुलगा म्हणाला.

अप्पांनी डोळे मिटले, पण नीट मिटवेनात. पापण्यांच्या फटीतून ते बघत राहिले. ठकूने खेळातलं पातेलं शेगडीवर चढवलं, त्याचा दांडा बाहेर. लाकडाचा ठोकळा कानाशी लावला, मान वाकडी करून खांद्यात दाबला. "हो गं, पाठवते. आत्ता पाठवते म्हटलं ना!" बोलता बोलता ती गर्रकन वळली. कोपर दांड्याला लागलं आणि पातेलं खाली बसवलेल्या बाहुलीवर पडलं.

"अगंबाई!" ठकू ओरडली. ठोकळा फेकून तिने बाहुलीचा हात नळाखाली धरला, तिला थोपटलं. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि बाहुलीच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी आईच्या आवाजात म्हणाली,

"बाबांनी विचारलं तर सांगायचं, आजोबांनी ठेवलं होतं. शहाणी माझी बाई ती!"