रोज एकच खड्डा

"अजून किती खड्डे असतील, काका?" इंजिनियर बाईंनी वही उघडत विचारलं.

"आठवतील तसे सांगतो," म्हातारा फिटर म्हणाला.

बंद पडलेल्या कारखान्यात आता संगणकावर चालणारी यंत्रं बसायची होती. जुन्या यंत्रांचे खड्डे मात्र फरशीखाली नुसते मातीनं बुजवलेले. त्यावर नवं यंत्र ठेवलं की जमीन खचलीच. मूळ नकाशा सापडेना, म्हणून चाळीस वर्षं इथे राबलेल्या फिटरला बोलावणं गेलं.

नकाशा सापडणार कुठून? तो फिटरच्या घरी, गादीखाली होता. कारखाना बंद झाला त्या दिवशी आठवण म्हणून त्यानं नेला होता. तो हातात दिला असता तर काम एका दिवसात आटोपलं असतं, आणि मग पुन्हा ते रिकामं घर. बायको गेल्यापासून त्याच्या बोलण्याला भिंतीसुद्धा कंटाळल्या होत्या.

म्हणून त्याला रोज एकच खड्डा आठवायचा. खडूनं फरशीवर फुली मारायची, मग डबा उघडून त्या यंत्राची सगळी कुळकथा सांगायची. बाई टेबलाच्या खालच्या खणातून आपला डबा काढून समोर बसायच्या. बाकीचे इंजिनियर जेवायला बाहेर जात. बाईंना कुणी हाक मारत नसे.

एकदा गप्पांच्या नादात त्याची फुली चांगली दोन हात चुकली. घरी जाऊन नकाशा पाहिला, तेव्हा लक्षात आलं. सकाळी धापा टाकत आला, तर मजुरांनी नेमक्या जागी खणलेलं.

"नशीब म्हणायचं!" तो म्हणाला. बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या.

एकविसाव्या दिवशी शेवटचा खड्डा उरला, आणि फिटरला स्वतःचीच लाज वाटली. पोरीनं एवढा जीव लावला आणि आपण तिला झुलवत ठेवलं. त्यानं नकाशाची सुरळी टेबलावर ठेवली.

"पहिल्यापासून माझ्याकडेच होता, बाई. माफ करा. उद्यापासून येत नाही."

बाईंनी सुरळी न उघडताच बाजूला सरकवली.

"आधी जेवून घेऊ, काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खण पुढे ओढला.

डबा उचलला तसा खालचा कागद दिसला. त्याच नकाशाची सरकारी दप्तरातून मागवलेली प्रत. कोपऱ्यात ती हाती आल्याची तारीख, बाईंच्या अक्षरात. फिटर कामावर आला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.