तोमेआजींचा अर्ज

नगरपालिकेतल्या इसोगाईसाहेबांनी टेबलावरचा कागद पुन्हा वाचला. टोफूवाल्या तोमेआजींनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता: स्मरण गेलेल्या म्हाताऱ्यांशी कसं बोलावं, हे कर्मचाऱ्यांना शिकवायला किती येन उडवले? आजी खर्चावरून बोंब मारणार, साहेबांनी भांडून मंजूर करून घेतलेला वर्ग बंद पडणार. आजी उत्तर न्यायला आल्या, तेव्हा शिकवणाऱ्याचं नाव नियमाप्रमाणे काळ्या शाईने झाकून साहेबांनी कागद पुढे सरकवले. आजींनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. वेळापत्रकावर बोट ठेवून म्हणाल्या, "वर्गाला बाहेरचं माणूस चालतं का?" साहेब चाटच पडले. "आजी, एवढ्यासाठी अर्ज? नुसतं विचारायचं की!" "उपकार मागायची लाज वाटते बाबा. अर्जाची नाही. आमचे हे रोज आईकडे निघतात, ऐंशीव्या वर्षी. मी नुसती खेकसते." "गुरुवारी दहाला या. आजोबांनाही आणा, आमची माणसं सांभाळतील." "आणते. पण मी शिकायला येते ते ह्यांना सांगू नका. ह्यांना वाटतं, मला सगळं येतं."