फुलाचा फासा

“आता तुम्हीच ठरवा, इथं कोण राहणार ते,” पुष्पलताबाई म्हणाल्या आणि अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली खुर्ची ओढून बसल्या.

दीक्षा आणि रोशन समोर मातीतच बसले. जुळी भावंडं, दोघंही दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. शहरात, नंदनवन वस्तीतल्या बाईंच्या घरी राहून कॉलेज करायचं, हे दोघांचंही स्वप्न. पण वडिलांचा पाय मोडला होता. गावी पारशिवनीला संत्र्याचा बगिचा सांभाळायला एकानं परत जाणं भागच होतं.

झाडावर मृगाचा बहार आला होता. फुलांच्या दाट वासानं सगळं अंगण पेंगुळल्यासारखं वाटत होतं.

“बाई, एखादा शब्द सांगा ना,” दीक्षा म्हणाली. बाईंनी जन्मभर फ्रेंच शिकवलं होतं. सुट्टीत गावी आल्या की त्या मुलांना शब्दांच्या गोष्टी सांगत.

“फ्रेंचमध्ये योगायोगाला ‘आझार’ म्हणतात,” बाई म्हणाल्या. “हा शब्द अरबांकडून गेला म्हणे. अरबीत ‘अझ्-झह्र’ म्हणजे फासा, आणि ‘झह्र’ म्हणजे फूलसुद्धा. फाशाच्या एका बाजूवर फूल काढलेलं असे. ते वर आलं की डाव जिंकला. असं काही जाणकार सांगतात, खात्री कुणालाच नाही.”

रोशन हसत उठला. “मंग फुलालेच विचारू. माह्या एका मुठीत फूल राहीन. तुले सापडलं तं तू इथं राहशीन, नाही तं मी.”

तो झाडामागे गेला. दीक्षानं मान खाली घातली, पण डोळे मिटले नाहीत. पानांच्या फटीतून तिला दिसलं. त्यानं एक फूल खुडलं आणि उजव्या मुठीत धरलं.

झाडांना पाणी देतानाही पुस्तक हातातून न सोडणारा हा पोरगा. शिकायला हाच राहील, तिनं मनाशी ठरवून टाकलं.

दोन्ही मुठी पुढे आल्या.

“डावी,” ती म्हणाली.

“इचार करून सांग वं.”

“डावी म्हटलं ना! उघड गा.”

त्यानं डावी मूठ उघडली. तळहातावर पांढरंशुभ्र फूल होतं.

दीक्षा बघतच राहिली. समोर येता येता यानं हात बदलला असणार.

“जितली वं तू! काहून रडून राहिली?”

“तूच राहा ना इथं. मले नाही राहायचं.”

“अस्सं? फुलानं सांगितलं, आता पलटायचं नाही.”

“आझार,” बाई हळूच म्हणाल्या.

निघताना रोशननं पिशवी खांद्याला अडकवली आणि वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

“एकाच हातानं नमस्कार?” बाईंनी टोकलं. “दुसरा काय खिशाला शिवलाय?”

तो हसत दाराकडे वळला.

बसस्थानकावर पारशिवनीची एसटी लागलेलीच होती. रोशनला खिडकी मिळाली. एवढ्यात गाडी हलली. दीक्षा खिडकीखालून धावू लागली.

“अरे, हात तरी हालव ना गा!”

रोशननं घाईघाईनं खिशातला उजवा हात बाहेर काढून हलवला. मूठ सुटली, आणि एक चुरगळलेलं पांढरं फूल तिच्या पायाशी पडलं.