सगळीकडून सारखं

गॅलरीत सकाळी उन्हाचा एकच तुकडा यायचा, आणि तिथे नवऱ्याने जुन्या कॉम्प्युटरचं पिवळं पडलेलं डबडं मांडलं होतं. पांढरं व्हावं म्हणून त्याला केस ब्लीच करायचं क्रीम फासायचं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं आणि थोड्या थोड्या वेळाने फिरवायचं, हाच त्याचा उद्योग. एवढे लाड बायकोचे माहेरीही झाले नव्हते. “सगळीकडून सारखं ऊन लागायला हवं, नाहीतर पट्टे पडतात,” तो तिला शिकवायचा. आतून त्याची आई म्हणायची, “मलाही जरा उन्हात बसव रे.” त्यावर तो “बघू” म्हणायचा. आज तो आंघोळीला गेला तेव्हा बायकोने डबडं पलंगाखाली ढकललं आणि सासूबाईंना खुर्चीसकट उन्हात आणलं. “अगं, पट्टे पडतील त्यावर,” तो टॉवेलवरच कळवळला. “पडू देत,” ती म्हणाली. सासूबाईंनी डोळेही उघडले नाहीत. “अरे, मला फिरव आता. पाठ राहिलीये.”