घाणेरीचं कुंपण

तुळसाचा घोव मुंबईत एका साहेबाच्या बागेत माळी होता. शिमग्याला बोटीने येताना त्याने घाणेरीच्या फांद्या आणल्या. "गुरं तोंड लावत न्हाईत. कुंपणाला बेस."

घाणेरीला रुज म्हणावं लागलं नाही. पाखरांनी फळं खाल्ली नि बी घरामागच्या कातळाच्या सड्यावर सांडलं. छाटलेल्या फांद्या सासू रिवाजाप्रमाणे कुंपणावरच रचायची, त्याही रुजल्या. यंदाच्या पावसात घराभोवती तट झाला. येण्याजाण्याचं बेडंसुद्धा सापडेना.

उघडीप होताच तुळसा कोयता घेऊन अंगणातून तोडू लागली. पलीकडूनही कोणी तोडत होतं. ती थांबली की तेही थांबे.

"कोण हाय?"



"तोड गो," पडवीतून सासू म्हणाली. "कोणतरी आपल्यासाठीच वाट करतंय."

दुपारी भोक पडलं. तुळसाने डोकं घालून पाहिलं. पलीकडे अंगण होतं. पडवीत तिची सासू सुपारी कातरत बसली होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या भोकात डोकं घालून, एक बाई पाठमोरी वाकली होती. तिच्या लुगड्याचं ठिगळ तुळसाच्याच हातचं होतं.

"अगो बाय!" तुळसाने हाक मारली.

हाक तिच्या पाठीमागून आली.