शेठचा रोबोट

"ये आदमी नहीं, रोबोट है रोबोट!" शेठनी हिलालच्या पाठीवर थाप मारली. "बारा साल में एक छुट्टी नहीं!"

सुरतेजवळ उधन्याच्या कापड कारखान्यात नव्या मागांची पूजा होती. हिलालसारख्याच खानदेशातून आलेल्या कामगारांनी टाळ्या पिटल्या. हिलालची छाती फुगली. हाच मोका म्हणून त्यानं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायला चार दिवसांची सुट्टी मागितली. थोरली गायत्री धरणगावला दिलेली, लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी. बाप झोके खेळायला माहेरी न्यायला आला नाही, तर लेकीनं सासरी तोंड कुठं लपवायचं?

शेठ हसले. "रोबोट कभी छुट्टी मांगता है?"

पुन्हा टाळ्या! भोळीच माणसं ती.

"माले रोबोट म्हने शेठ!" घरी त्यानं धाकट्या सोनालीला फुशारकीनं सांगितलं. ती दहावीला. सरांनी हा शब्द नुकताच वर्गात समजावला होता.

"आबा, हे कौतुक नाही. युरोपात चेक म्हणून एक भाषा आहे. जमीनदाराकडं सक्तीनं, फुकट राबायचं, त्याला त्या भाषेत 'रोबोता' म्हणत. त्यावरून माणसासारख्या यंत्राला रोबोट नाव पडलं. दिसायचं माणसासारखं आणि राबायचं वेठीला."

वेठ! हिलालचा आजा पाटलाकडं वेठीला जाऊन जाऊन कमरेत वाकला होता. आणि आपण त्याच शब्दावर फुगलो? हिलालला स्वतःचीच अशी चीड आली की बस्स.

सकाळी चहाच्या टपरीवर त्यानं सोबत्यांना सगळं सांगितलं. चहा संपवून सगळे आत गेले. पाळी सुरू झाली.

मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. कामगार हातवाऱ्यांनीच बोलतात. तासाभरानं हिलालनं आपले चारही माग थांबवले. दोन्ही मुठींत दोर धरल्यासारखं केलं आणि अंग मागे-पुढे हलवलं. झोका! आखाजीचा झोका खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. शेजारच्या चिंधानं आपले माग बंद केले आणि सुकदेवला तीच खूण केली. सुकदेवनं ती पुढं धाडली. चाळीस माग, दहा माणसं. पाच मिनिटांत सगळं गप्प.

शेठ ऑफिसातून धावत आले. "लाईट गई क्या?"

"लाईट शे, शेठ," हिलाल म्हणाला. "माणसं थांबी ग्यात."

"सबको निकाल दूंगा!"

चिंधानं खुशाल गमछा झटकून खांद्यावर टाकला. कुणीच नजर खाली घातली नाही. आखाजीच्या तोंडावर दहा कारागीर आणायचे कुठून? शेठचा आवाज उतरला.

"वापस कब आओगे?"

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी काही विचारत होतं. हिलालनं मुळीच घाई केली नाही.

"पोरले आखाजी खेळू देसू, सासरले पोचाडसू, मंग यीसू."